चोर सोडून संन्याशाला

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये एकदाचे आले आणि चर्चा रंगली ती दंडाच्या आकड्यांची. लोकांची माहिती सांभाळण्यात हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड, फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत, आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत. आकडे जरब बसवणारे आहेत, पण ही सगळी तजवीज वरातीमागून घोडं आणण्याची आहे. माहिती फुटण्याआधी भिंतीला भोक आहे हे बाहेरून पाहणार कोण, आणि पाहिल्यावर ते सांगायला धजावणार कोण, याचं उत्तर नियमांत सापडत नाही. जगभर हे काम बऱ्याचदा ज्यांनी केलं त्यांना आपण सरसकट चोर समजतो. बातमीसोबतच्या चित्रात हॅकर म्हणजे टोपीत तोंड लपवून अंधारात बसलेला एकटा माणूस. प्रत्यक्षात हॅकिंग जन्माला आलं ते मंडळात, आणि ते समाजाच्या उपयोगी पडलं तेही चारचौघांत उघडपणे झालं तेव्हाच.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांचा क्लब होता. टेलिफोनचे जुने रिले जोडून रुळांचे सांधे बदलणारी ही मुलं १९५०च्या दशकात एखाद्या अफलातून युक्तीला 'हॅक' म्हणत. ही गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे. तिच्यापेक्षा आपल्याला जास्त शिकवणारी गोष्ट जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबची आहे. १९८१ मध्ये बर्लिनमधल्या एका डाव्या दैनिकाच्या कार्यालयात ही मंडळी पहिल्यांदा जमली आणि १९८६ मध्ये त्यांनी रीतसर संस्था नोंदवली. मधल्या काळात, नोव्हेंबर १९८४ मध्ये, क्लबने आपल्या नावाचा डंका पिटला. जर्मन टपाल खात्याने पडद्यावर पानं दाखवणारी 'बिल्डशिर्मटेक्स्ट' ही सेवा सुरक्षित म्हणून बाजारात आणली होती. त्यातली काही पानं उघडली की पैसे पडत. वाऊ हॉलंड आणि श्टेफेन वेर्नेरी यांनी हॅम्बुर्गच्या एका बचत बँकेचा पासवर्ड मिळवला, क्लबचं ९.९७ मार्क किमतीचं पान बँकेच्या नावाने उघडायचं काम एका संगणकाला लावलं आणि रात्रभर ते चालू ठेवलं. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे १ लाख ३५ हजार मार्कांचं बिल चढलं. पासवर्ड सेवेतल्या त्रुटीमुळे बाहेर पडला असं क्लब म्हणत राहिला, टपाल खात्याने ते मान्य केलं नाही. पण चोर करत नाही ती गोष्ट या दोघांनी केली: पैसे खिशात न घालता पत्रकारांना बोलावलं.

या मंडळींची दुसरी करामत आपल्या अगदी जवळची आहे. २००८ मध्ये जर्मनीचे गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ल बोटांच्या ठशांच्या पासपोर्टचे आग्रही पुरस्कर्ते होते. एका कार्यक्रमात ते ज्या ग्लासातून पाणी प्यायले त्यावरून त्यांचा ठसा उचलला गेला आणि क्लबच्या 'दातेनश्लॉयडर', म्हणजे माहितीची गोफण, या नियतकालिकाच्या सुमारे ४,००० प्रतींत तो छापून आला. सोबत एक पातळ पापुद्रा होता, बोटावर चिकटवला की मंत्रिमहोदयांचा ठसा आपला. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये ठशाने उघडणारा आयफोन बाजारात येताच दोन-तीन दिवसांत क्लबच्या 'स्टारबग' या हॅकरने तोही उघडला. काचेवरच्या ठशाचा बारीक फोटो काढायचा, तो उलटवून पारदर्शक कागदावर दाट शाईत छापायचा, त्यावर सुताराचा पांढरा डिंक पसरायचा, वाळला की सोलून काढायचा आणि तोंडाची वाफ देऊन फोनवर टेकवायचा. एवढंच. ठसा म्हणजे जागोजाग सांडत जाणारा आणि कधीही बदलता न येणारा पासवर्ड, हे या मंडळींनी डिंकाने सिद्ध केलं. आपल्याकडे हाच धडा कसा मिळाला? जमिनीच्या खरेदीखतांवरचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे बनवून, आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं पोलिसांत आली. समोरचं बोट जिवंत आहे की नकली हे तपासणारी सुधारित यंत्रणा आधार प्राधिकरणाने जाहीर केली ती २०२३ मध्ये. जर्मनीत जे नियतकालिकाच्या पानावर दिसलं ते आपल्याला गरिबाच्या पासबुकात पाहावं लागलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: तुम्हाला कुणी सांगितलं होतं? माझ्या दाराची कडी न विचारता हलवून पाहणारा माझा हितचिंतक कसा? घराच्या दाराबाबत आक्षेप बिनतोड आहे. पण लाखो लोकांची ठेव ज्या दाराआड आहे त्या दाराची गोष्ट वेगळी, कारण कडी निघाली तर नुकसान दारवाल्याचं कमी आणि ठेवीदारांचं जास्त. दुसरा आक्षेप, भोक जाहीर केलं की चोरांनाच वाट सापडते. म्हणूनच आधी मालकाला कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा आणि मग जाहीर करायचं, अशी रीत हॅकरांच्या समाजात रुळली आहे. २०२१ मध्ये जर्मनीच्या सीडीयू पक्षाच्या प्रचार अ‍ॅपमधून कार्यकर्त्यांची आणि मतदारांची माहिती उघडी पडत असल्याचं एका संशोधक महिलेने पक्षाला याच रीतीने कळवलं. पक्षाने उलट तिच्यावरच तक्रार ठोकली. क्लबने जाहीर केलं की यापुढे या पक्षाला एकही त्रुटी कळवणार नाही. काही दिवसांतच पक्षाने तक्रार मागे घेतली आणि माफी मागितली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ही मंडळी काही संन्यासी नव्हेत. खरंच नव्हेत. याच क्लबच्या परिघात वावरलेल्या काही तरुणांनी १९८०च्या दशकात अमेरिकी संगणकांतून माहिती काढून सोव्हिएत केजीबीला विकली. त्यांतला कार्ल कॉख १९८९ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, जंगलात जळालेल्या अवस्थेत मृत सापडला. क्लब या प्रकरणाने हादरला. पण वाट चुकली कुठे ते पाहा. बँकेचं बिल वाढवणारे स्वतःहून पत्रकारांसमोर आले, माहिती विकणारे गुपचूप सौदे करत होते. कौशल्य दोघांकडे सारखंच. सार्वजनिक माहिती खुली करा आणि खाजगी माहिती जपा हे या मंडळाचं ब्रीद, आणि ते पाळलं जातं की नाही हे कळायला काम उघड्यावरच व्हावं लागतं. उघड्यावर काम करणाऱ्याला तुरुंगाची भीती घातली की तो काम सोडत नाही, उजेड सोडतो.

आपल्या कायद्याने नेमकं हेच केलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या मूळ कलम ६६चा मथळाच 'हॅकिंग' असा होता, म्हणजे हा शब्द आपल्याकडे गुन्हा म्हणूनच दाखल झाला. २००८च्या दुरुस्तीत शब्द गेला, संशय राहिला. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद यांनी परदेशी संशोधकांसह मतदान यंत्राच्या त्रुटी दाखवल्या. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातून गेलेलं, म्हणून चोरीच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. यंत्र आलं कुठून हे विचारण्याचा पोलिसांना अधिकार होताच, आणि आपली व्यवस्था सुरक्षित आहे ही निवडणूक आयोगाची भूमिका आजही कायम आहे. पण त्यांच्यासोबत काम केलेल्या रॉप गोंगग्राइप या डच हॅकरचा मायदेशातला अनुभव पाहा. २००६ मध्ये त्याच्या गटाने तिथल्या मतदान यंत्रावर चक्क बुद्धिबळ खेळून दाखवलं. नेदरलँड्सने यथावकाश यंत्रं बाजूला ठेवून कागदी मतपत्रिका परत आणली, आणि २००९ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने सांगितलं की मतमोजणी सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाविना पडताळता आली पाहिजे.

माणसांची वाण आपल्याकडेही नाही. 'नलकॉन' ही हॅकरांची परिषद २०१० पासून गोव्यात भरते, आणि तिच्यामागच्या 'नल' या समुदायाच्या पुण्या-मुंबईतल्या बैठकांत तरुण मुलं एकमेकांना फुकट शिकवतात. सरकारलाही त्यांची किंमत कळते, पण ती कळते बंद दाराआड. २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाने त्रुटी शोधायला २० जण निवडायचं ठरवलं तेही गोपनीयतेचा करार करून. न बोलावता येणारा, पण काही न चोरता भोक दाखवून जाणारा एकविसावा माणूस मात्र अजून कायद्याच्या खिंडीत उभा आहे. त्याच्यासाठी २५० कोटी नकोत, एक कलम पुरेल: ज्याने माहिती नेली नाही, विकली नाही, आधी मालकाला कळवलं आणि दुरुस्तीला मुदत दिली, त्याच्यावर खटला चालणार नाही. हे कलम येईपर्यंत आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत राहू, आणि चोर मजेत असेल.