डाव्या हाताचा मळ

‘हे काय, माझ्या डाव्या हाताचा मळ!’ असे आपण सहज बोलून जातो. हा वाक्प्रचार ज्याने कुणी काढला त्याने जन्मात तबल्याला हात लावलेला नसावा. उजव्या हाताला एक लय आणि डाव्याला दुसरी देऊन पाहावी, म्हणजे डावा हात ही काय चीज आहे ते कळते.

आमच्या पेणच्या महिला भजनी मंडळाला तबल्याची साथ करायचा तो शेजारचाच एक मुलगा. त्याला पुण्यास नोकरी लागली. आम्ही पेढे खाल्ले, तोंडभर आशीर्वाद दिले आणि मग एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसलो. पेटी वाजवणाऱ्या आमच्यात तिघी. तबल्याला एकही नाही! ‘नुसत्या टाळांवर किती दिवस चालणार? त्यापेक्षा मंडळ बंद करू,’ इथवर गोष्ट आली. १२ वर्षे चाललेले मंडळ, ते असे मोडायचे? अखेर वयाच्या ४७व्या वर्षी मीच डग्गा-तबला पुढ्यात ओढला आणि दर रविवारी दिव्याहून येणाऱ्या गाडीने रोह्याला बुवांकडे जाऊ लागले. (रेल्वे रोह्यापर्यंत १९८६ साली पोहोचली. ती नसती तर माझी ही विद्या एस.टी.च्या धक्क्यांतच संपली असती.)

बुवा मूळचे पखवाजाचे. डाव्या तोंडाला कणीक थापता थापता ते शिकवीत. केहरवा, दादरा, त्रिताल हे ठेके बरे बसले. गाडे अडले ते ‘आडी’पाशी. आड म्हणजे दीडपट. दोन मात्रांच्या जागेत तीन बोल बसवायचे. बुवा म्हणाले, “ताई, तबला ठेवा बाजूला. डाव्या हाताने मांडीवर दोन थापा, उजव्याने तेवढ्याच वेळात तीन. पहिली थाप दोघांची एकदम.”

ऐकायला किती सोपे! वाचकहो, हा अंक क्षणभर खाली ठेवा आणि करून पाहा.

गंमत अशी की, आपल्या हातांना उपजत दोनच चाली येतात. पापड लाटताना दोन्ही हात जोडीने चालतात, आणि दोरीने ताक घुसळताना आळीपाळीने. स्कॉट केल्सो नावाच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात प्रयोगाने दाखवले की, दोन हातांच्या तर्जन्या आळीपाळीने हलवीत वेग वाढवत नेला, तर एका टप्प्यावर त्या आपोआप जोडीने हलू लागतात. म्हणजे घाई झाली की आळीपाळीसुद्धा टिकत नाही. मग दोनावर तीन कुठून टिकणार?

महिनाभर घरात हाच उद्योग. उजवा तीन म्हणू लागला की डावाही तीनच म्हणे. डाव्याला दटावावे तर उजवा दोनावर येऊन बसे. भाजी परतताना ओट्यावर, टीव्ही पाहताना खुर्चीच्या हातावर माझी टकटक चालू. एके दिवशी ‘हे’ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “अगं, वरच्या मजल्यावरून विचारताहेत, तुमच्याकडे फरशी बसवायचं काम निघालंय का म्हणून!”

बुवांनीच मग गाठ सोडवली. “हात दोन आहेत हे विसरा. बोल एकच आहे, तो दोन हातांत वाटलाय.” सहा मात्रा मोजा. उजवा पडतो १, ३ आणि ५ वर; डावा पडतो १ आणि ४ वर. कानाला ऐकू येते ते असे: दोन्ही, मग एक जागा रिकामी, उजवा, डावा, उजवा, पुन्हा रिकामी. मला एकदम शाळेतले लघुगुरू आठवले. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘चाल जरा’! चा-ल-ज-रा, दोन, एक, एक, दोन, झाल्या सहा. ‘चा’ला दोन्ही हात, ‘ल’ला उजवा, ‘ज’ला डावा, ‘रा’ला उजवा. अक्षर न् अक्षर सुटे म्हणायचे, एवढेच. पुढच्या रविवारी नागोठणे मागे पडले तेव्हा मांडीवरच्या पिशवीवर दोनावर तीन नीट चालले होते, आणि समोरच्या बाई माझ्याकडे काळजीने पाहत होत्या!

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे, की आधी तोंड आणि मग हात. मोबाइलवर ठोका लावून तासन्तास बडवणाऱ्या मुलांना पढंत कंटाळवाणी वाटते. पण यंत्राचा ठोका एकच लय सांगतो, दोहोंचे नाते तोंडातला बोलच सांगतो. गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल धरीत, तोंडाने आणखी निराळे बोल म्हणत आणि सगळ्यांना एकदम समेवर आणीत. एका हाताला १६ मात्रांचा त्रिताल आणि दुसऱ्याला १० मात्रांचा झपताल दिला, तर दोघांच्या समा पुन्हा जुळायला ८० मात्रा लागतात. त्रितालाची पाच आवर्तने, झपतालाची आठ. हा हिशेब मी कागदावर केला. खाप्रूमामा तो अंगात वागवीत!

यंदा कोजागिरीला मंडळाचे भजन झाले. साथीला मीच होते. एका अभंगात त्रितालाच्या शेवटच्या चार मात्रांत आडीचा छोटा तुकडा घेतला आणि समेवर उतरले. आमच्या मुख्य गाणाऱ्या काकूंनी मान वळवून एकदाच पाहिले आणि पुढचे कडवे घेतले.

आता बुवांनी तीनावर चार दिले आहेत. त्याच्या मात्रा होतात १२, आणि जागा पडतात तीन, एक, दोन, दोन, एक, तीन अशा. आपला गुरू तर दोनच मात्रांचा. तीन मात्रांचे अक्षर आणायचे कुठून? शोध चालू आहे.