मगवर छापलेल्या चित्राचे पैसे किती घ्यायचे?

ईदच्या दोन-तीन महिने आधीच गिफ्टच्या बाजारात हालचाल सुरू होते. मग, कॅलेंडर, कुशन कव्हर, कापडी पिशव्या, ईदीची पाकिटं, या सगळ्यांसाठी दुकानदारांना नवीन चित्रं हवी असतात आणि ती हल्ली इंस्टाग्रामवर शोधली जातात. कॅलिग्राफी करणारी, मेंदीची नक्षी काढणारी, चांगले फोटो घेणारी मुलं-मुली आपल्या घराघरांत आहेत. त्यांना मेसेज येतो, "डिझाइन छान आहे, पाचशे देतो, फाईल पाठवा." मुलगी खूश, अम्मी-अब्बा खूश. पुढे तेच चित्र हजार मगांवर दिसतं, तेव्हा विचार पडतो की ते पाचशे रुपये नेमके कशाचे होते? माजी विद्यार्थिनी हा प्रश्न आम्हाला बऱ्याचदा विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फरक लक्षात घ्या. घर विकणं वेगळं आणि घर भाड्याने देणं वेगळं. चित्राचंही तसंच आहे. पूर्ण हक्क लिहून दिले तर ती विक्री. अमुक वस्तूवर, अमुक काळापुरतं छापायची परवानगी दिली तर तो परवाना, म्हणजे लायसन्स. यात मालक तुम्हीच राहता. भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार आपण स्टॅम्पपेपरवर करतो, पण चित्राचा व्यवहार मात्र व्हॉट्सअॅपवरच्या "ओके भाई" वर उरकतो.

आपल्याकडे हा विषय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात येतो. चित्र काढलं की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. आयतीच्या शब्दांवर कुणाची मालकी नसते, पण तुमच्या हाताने ती ज्या वळणाने, ज्या रचनेत लिहिली, ती रचना तुमची असते.

मात्र एक अडचण आहे आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. दुकानदाराने पैसे देऊन खास स्वतःसाठी फोटो काढून घेतला किंवा चित्र रंगवून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक दुकानदार ठरतो. म्हणजे आधीच काढलेलं चित्र वापरायला देणं आणि ऑर्डरवर नवीन काढून देणं, या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत एक नाहीत. ऑर्डर घेताना "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील" एवढं एक वाक्य कामाच्या आधी दोघांच्या सहीने कागदावर आलं, तर पुढची बरीच डोकेदुखी टळते.

आता दराकडे येऊ. चित्र काढायला किती तास लागले, हा हिशेब परवान्यात दुय्यम असतो. तो मेहनताना वेगळा घ्या. परवान्याची किंमत वापरावर ठरते. किती नग छापणार? कोणत्या वस्तूवर? किती महिने? एका शहरात विकणार की ऑनलाइन देशभर? आणि सर्वात मोठा प्रश्न म्हणजे हे चित्र फक्त त्यालाच द्यायचं की इतरांनाही देता येईल? वस्तू घेताना गिऱ्हाईक चित्रासाठी पैसे मोजतंय का, हेही बघा. पांढरा मग शंभरात मिळतो आणि चित्राचा मग तीनशेला जात असेल, तर फरक कशामुळे पडला हे दुकानदाराला चांगलं कळतं.

पैसे घेण्याचे दोन मार्ग आहेत, एकरकमी किंवा रॉयल्टी. वस्तूंवरच्या चित्रांसाठी परदेशात घाऊक किमतीच्या साधारण ३ ते १० टक्के रॉयल्टी चालते. समजा मगची घाऊक किंमत १५० रुपये आहे आणि ६ टक्के ठरले. एका मगमागे ९ रुपये, हजार मगांचे ९,०००. यातले ३,००० आगाऊ मागावेत, ते पुढच्या रॉयल्टीतून वळते होतात. आता पाचशे रुपयांशी तुलना करा. अर्थात छोटा दुकानदार दर महिन्याला विक्रीचा हिशेब देईलच असं नाही आणि आपण त्याच्या मागे कुठवर फिरणार? अशा वेळी आमच्या मते एकरकमीच बरं, पण नगांची मर्यादा घालून. "५०० नगांपर्यंत इतके, पुढच्या प्रत्येक ५०० ला पुन्हा इतकेच." फक्त त्यालाच द्यायचं असेल तर दुप्पट-तिप्पट मागायला संकोच करू नका, कारण तेवढा काळ तुमचे बाकीचे रस्ते बंद होतात.

कागदावर चित्राचं वर्णन, वस्तू, मुदत, प्रदेश आणि रक्कम आलीच पाहिजे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. वस्तूंची यादी कॅलिग्राफीवाल्यांनी तर विशेष जपून लिहावी. भिंतीवरच्या फ्रेमसाठी दिलेली आयत उद्या पायपुसण्यावर किंवा फेकून द्यायच्या कागदी पिशवीवर छापली गेली, तर पैसे मिळूनही मन दुखणारच. "फक्त फ्रेम आणि कॅलेंडर" असं लिहिलेलं असेल, तर बाकीच्या छपाईला हरकत घेता येते.

कपड्यावर, बेडशीटवर छापायच्या नक्षीचं गणित आणखी वेगळं आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येईल अशी नक्षी नोंदवली नाही आणि ती लावलेल्या वस्तूचे छपाई-कारखान्यातून ५० पेक्षा जास्त नग निघाले, तर तिचा कॉपीराइट संपतो. सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीसाठी मायक्रोफायबर्स या कंपनीने दिल्ली हायकोर्टापर्यंत लढा दिला, २००९ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला. नोंदणी केली तर आधी १० आणि नंतर ५ वर्षं संरक्षण मिळतं. पण डिझाइन लोकांसमोर येण्याआधी अर्ज करावा लागतो. इंस्टाग्रामवर आधी टाकलं तर मग कठीण.

आपल्यात दुकानदारही पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. गूगलवर दिसलेलं चित्र फुकट नसतं. स्टॉक फोटोच्या साइटवरून पैसे भरून घेतलं तरी तिथल्या साध्या परवान्यात विकायच्या मगवर किंवा टी-शर्टवर छापता येत नाही. अॅडोबी स्टॉक, आयस्टॉक यांच्याकडे त्यासाठी एक्स्टेंडेड लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर त्याची लेखी संमतीही लागते, फोटोग्राफरने हो म्हटलं म्हणजे झालं असं नाही.

राहिला कर. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रॉयल्टी मिळाली तर ती १० टक्के टीडीएस कापून देते. म्हणून मुलीचं पॅनकार्ड आणि तिच्या नावाचं बँक खातं आधीच काढून ठेवा. पैसे भावाच्या खात्यावर मागवले तर करार एकाच्या नावावर आणि पावती दुसऱ्याच्या, असा घोळ होतो.