आगगाडीतून आकाशवाणीकडे

पाणीगेट ही बडोद्याच्या जुन्या शहराची पूर्वेकडची वेस. आत शिरलं की रस्ता मधल्या मांडवी चौकाला भिडतो आणि तसाच पुढे पश्चिमेच्या लहेरीपुरा वेशीकडे निघतो. उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. या चार वेशींच्या आत वाढलेल्या मराठी मुलाला गुजराती कुणी शिकवत नाही. घरात आजीशी मराठी, ओट्यावर मित्रांशी गुजराती, आणि भांडण दोन्हींत. नट व्हायचं असेल तर कानाला याहून चांगली तालीम मिळणं कठीण.

नाटक आणि रेडिओ या दोन्ही वाटा चाललेला बडोद्याचा मोठा माणूस मात्र गुजराती होता: चंद्रवदन चिमणलाल मेहता. मराठी वाचकाला त्यांचं नाव फारसं ठाऊक नसतं, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

जन्म 1901 चा, सुरतेचा. प्राथमिक शाळा बडोद्यात. वडील रेल्वेत नोकरीला, त्यामुळे इंजिनाची वाफ, शिट्ट्या, रुळांवर राबणारी माणसं हे सगळं लहानपणीच डोळ्यांत आणि कानांत भरलेलं. त्यातूनच पुढे त्यांचं गाजलेलं नाटक आलं, ‘आगगाडी’. नावाला भाषांतराची गरजच नाही, दोन्ही भाषांत शब्द एकच. रेल्वेतल्या साध्या कामगाराची शोकांतिका गुजराती रंगभूमीवर आणणारं हे नाटक 1930 च्या दशकातलं.

तेव्हाची धंदेवाईक गुजराती रंगभूमी म्हणजे पदं, मधूनमधून हास्यप्रवेश आणि स्त्रीवेशातले पुरुष. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेल्या चंद्रवदननी तिच्याविरुद्ध दंड थोपटले आणि हौशी नाटकाची चळवळ उभी केली. गुजरातीत तिला ‘अवेतन रंगभूमी’ म्हणतात. आपण ‘हौशी’ म्हणतो तेव्हा त्यातलं वेड सांगतो. गुजराती शब्द वेतन नाही हे आधी सांगून टाकतो. चाळीत, शाळेत, गणपतीच्या मांडवात नाटक करणाऱ्याला दोन्ही शब्द लागू पडतात. आणि काळ बघा: ‘आगगाडी’ आली त्याच सुमारास, 1933 मध्ये, मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगवलं होतं, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया घेऊन. एकाच शहरात दोन भाषांच्या रंगभूमी एकाच वेळी कूस बदलत होत्या.

1938 मध्ये चंद्रवदन मुंबईच्या रेडिओ केंद्रात दाखल झाले. रंगमंचाच्या माणसाला रेडिओ आधी गरीब करतो. रंगभूषा गेली, प्रकाश गेला, हातवारे गेले. समोर टाळी देणारा प्रेक्षकही गेला. उरला फक्त आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेल्या नटाला वीतभर अंतरावरच्या माइकशी बोलायला शिकावं लागतं. पात्र दूर गेलं हे दाखवायचं तर नटाने स्वतः दोन पावलं मागे सरकायचं. ध्वनिमुद्रण सर्रास नव्हतं त्या काळात नाटक थेट प्रक्षेपित होई. चूक झाली की ती घरोघरी ऐकू जाई. पण या गरिबीची भरपाईही मोठी होती. एका संध्याकाळी जितके कान मिळत, तितके प्रेक्षक नाटक कंपनीला महिनोन्‌महिने दौरा करून जमवावे लागत.

बडोदे संस्थानानेही 1939 मध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांची केंद्रं म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदे एवढीच होती. 1948 मध्ये बडोद्याचं केंद्र ऑल इंडिया रेडिओकडे गेलं, पुढच्या वर्षी अहमदाबाद केंद्र उघडलं, आणि ‘अमदावाद-वडोदरा’ ही जोडीची घोषणा गुजरातच्या कानात बसली. चंद्रवदन 1954 मध्ये अहमदाबाद केंद्राचे संचालक म्हणून निवृत्त झाले.

त्यानंतर ते बडोद्यात विद्यापीठात नाट्य शिकवू लागले. जमीन तयारच होती. सयाजीराव महाराजांच्या काळात गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये इथे गायनशाळा काढली होती. भरताच्या नाट्यशास्त्राचा अभिनवगुप्ताच्या टीकेसह पहिला खंड 1926 मध्ये बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. 1949 मध्ये विद्यापीठ झालं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांनी स्वतः शेक्सपिअर गुजरातीत आणला होता. गायनशाळा विद्यापीठात आली आणि संगीत-नृत्याच्या शेजारी नाट्याचीही पदवी मिळू लागली. नाटकवाल्या पोराला घरच्यांसमोर ठेवायला कागद मिळाला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मराठी बाजूला बडोद्याचं नाव आडनावातच जाऊन बसलं. गायिका हिराबाई बडोदेकरांच्या आई ताराबाई माने बडोद्याच्या. हिराबाई आणि त्यांची धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे, दोघीही संगीत नाटकात उभ्या राहिल्या आणि रेडिओवरही गायल्या. सरस्वतीबाई तर लहान मूल असतानाच रंगमंचावर आल्या, आणि 1933 पासून 1990 पर्यंत रेडिओवर गात राहिल्या. सत्तावन्न वर्षं! रंगमंच इतकी वर्षं क्वचितच कुणाला देतो.

चंद्रवदननी आपलं आयुष्य ‘गठरिया’ नावाच्या पुस्तकमालेत बांधून ठेवलं आहे. त्यातल्या ‘नाट्य गठरिया’ला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1991 मध्ये ते गेले. बडोद्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

हौशी नाटकातून रेडिओकडे जाणारी वाट आजही आवाजाच्या चाचणीतूनच जाते. उमेदवार स्टुडिओत एकटा, परीक्षक दुसऱ्या खोलीत. उंची, रंग, कपडे काहीच पोचत नाही. पाणीगेटच्या गल्लीत दोन भाषांत भांडत वाढलेला एखादा नट तिथे उभा राहतो तेव्हा संहितेचं पान उलटवताना तो श्वास धरतो, कारण कागदाची सळसळही पलीकडे ऐकू जाते.