फाइल-पुनर्नामकरण
संगणकात साठविलेल्या फाइलींची नावे बदलण्याची क्रिया. शेकडो फाइलींची नावे एकाच नियमानुसार बदलावयाची असल्यास हे काम शेल-लिपीकडून करवून घेतात. वापरणाऱ्याच्या आज्ञांचा अर्थ लावून त्या पार पाडणाऱ्या कार्यक्रमास ‘शेल’ व अशा आज्ञा क्रमाने लिहिलेल्या मजकुरास ‘शेल-लिपी’ म्हणतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स या परिचालन प्रणालीत यासाठी ‘एमव्ही’ ही आज्ञा असून १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत तिची नोंद आहे. १९७९ मधील सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीव्हन बोर्न यांच्या शेलमध्ये एकच कृती प्रत्येक फाइलीवर आवर्तनाने करता येते.

युनिक्समध्ये फाइलीचे नाव व तिचा आशय वेगवेगळे ठेवलेले असतात. निर्देशिकेत नावापुढे एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाच्या नोंदीवरून (आयनोड) आशयाची जागा कळते. त्यामुळे एकाच फाइल प्रणालीत नाव बदलताना केवळ निर्देशिकेतील नोंद बदलते आणि कितीही मोठ्या फाइलीचे नाव क्षणार्धात बदलते.

डॉस प्रणालीत तारकाचिन्ह वापरून अनेक फाइलींची नावांती एकाच आज्ञेने बदलता येत. युनिक्समध्ये तसे होत नाही. कारण तारकाचिन्हाच्या जागी जुळणारी नावे शेलच आधी घालतो व ‘एमव्ही’ला केवळ नावांची यादी मिळते. म्हणून लिपीत एकेक नाव घेऊन, जुने नावांत काढून, नवे जोडावे लागते.

नवे नाव आधीच दुसऱ्या फाइलीचे असेल, तर ‘एमव्ही’ सामान्यतः न विचारता ती फाइल नष्ट करते. समजा, १ ते १० या नावांच्या फाइलींचे क्रमांक एकेकाने वाढवावयाचे आहेत. चढत्या क्रमाने १ चे २ केल्यास मूळ २ नाहीशी होते. पुढेही तसेच घडून अखेरीस ११ या नावाची एकच फाइल उरते व तीत पहिल्या फाइलीचा आशय असतो. उतरत्या क्रमाने, म्हणजे १० पासून आरंभ केल्यास सर्व फाइली सुरक्षित राहतात. दोन फाइलींच्या नावांची अदलाबदल करताना तिसरे तात्पुरते नाव घ्यावे लागते.

नावात मोकळी जागा असल्यास शेल त्याचे तुकडे करू शकतो. म्हणून लिपीत नाव अवतरणचिन्हांत ठेवतात. देवनागरी नावांत ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येत असल्याने सारखी दिसणारी दोन नावे भिन्न असू शकतात. जुन्या नावांची नोंद प्रणाली ठेवीत नाही. यास्तव आज्ञा प्रथम केवळ छापून पाहणे व जुन्या-नव्या नावांची यादी जपणे इष्ट ठरते.