गाडी गरम होतेय? थर्मोस्टॅट ओळखा, धंद्याचा दिवस वाचवा



डिलिव्हरीची गाडी घेताना आपण हप्ता, डिझेल, इन्शुरन्स सगळं मांडतो. गाडी बंद पडलेल्या दिवसाचा खर्च मात्र कुणी मांडत नाही. समजा, तुमची शिरूर-न्हावरा-चौफुला-दौंड अशी ३० दुकानांची लाइन आहे आणि दुकानामागे ४० रुपये सुटतात. एक दिवस गाडी उभी म्हणजे १,२०० रुपये गेले. मेकॅनिकचं बिल वेगळंच. वर त्या दिवशी दुकानदार दुसऱ्याचा माल घेतो, ते नुकसान तर वहीत दिसतही नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भरल्या गाडीचा काटा वर जातो. त्यामागे बऱ्याचदा एक छोटा पार्ट असतो, थर्मोस्टॅट वॉल्व. त्याच्या आत मेण असतं. इंजिन थंड असताना वॉल्व बंद राहतो. पाणी साधारण ८०-९० अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं, वॉल्व उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तो बंदच अडकला, तर इंजिन तापतं.

आधी निदान करा

• कूलंट कमी आहे का, कुठे गळतंय का, हे गाडी थंड असताना बघा.
• वाघोलीच्या ट्रॅफिकमध्येच गरम होते, मोकळ्या रोडला नाही? मग आधी फॅन तपासा.
• कूलंट पुरेसं आहे, काटा वर आहे, तरी रेडिएटर थंड? मग थर्मोस्टॅटवर संशय घ्या.
• इंजिन लवकर गरमच होत नाही, अ‍ॅव्हरेज घटलंय? वॉल्व उघडाच अडकलेला असू शकतो.

बदलायचा कसा?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही! उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.
२. कूलंट बादलीत काढा. ते चवीला गोड पण विषारी असतं. लहान मुलं, कुत्री, जनावरं लांब ठेवा. गटारात ओतू नका.
३. थर्मोस्टॅटच्या कव्हरचे बोल्ट खोला. वॉल्व कसा बसलाय, त्याचा मोबाइलवर फोटो काढा.
४. जुना वॉल्व उकळत्या पाण्यात धरा (घरातलं भांडं नको). उघडला नाही तर खराब.
५. जुनं गॅस्केट खरवडून जागा साफ करा. नवा वॉल्व तसाच बसवा, स्प्रिंगची बाजू सहसा इंजिनकडे. गॅस्केटही नवंच टाका. बोल्ट सारखे आवळा, जोर लावू नका.
६. कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा, इंजिन चालवून हवा काढा. थंड झाल्यावर लेव्हल पुन्हा बघा.

"वॉल्व काढूनच टाका, गाडी थंड राहील," हा सल्ला तुम्हाला मिळेलच. ऐकू नका. इंजिन सतत थंड चाललं तर डिझेल जास्त खातं आणि झिजतं. काही इंजिनांत तर वॉल्व नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहतं आणि लोड आला की गाडी उलट जास्त तापते.

एअर फिल्टर साफ करणं, टायरची हवा, फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल (निगेटिव्ह आधी काढायचं), वायपर ही कामंही तुमचीच. ब्रेक, स्टिअरिंग, हेड गॅस्केट मात्र मेकॅनिकचं काम. आणि गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीच खोलू नका.

मेकॅनिकचे पैसे वाचवणं हा मुद्दा नाही. काटा वर गेला की गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करायची, हे ज्याला कळतं त्याचं इंजिन वाचतं. तशीच रेटली तर हेड वाकतं आणि वर्षाचा नफा गॅरेजला जातो.

आता तुमचं काम. वहीत दोन आकडे लिहा: गाडी एक दिवस बंद राहिली तर किती जातात, आणि तुमच्या मॉडेलचा थर्मोस्टॅट स्पेअर पार्टच्या दुकानात कितीला मिळतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा. उन्हाळ्याआधी काय करायचं ते मला सांगावं लागणार नाही.