मेंदूतला ट्यूमर शेजारच्या पेशींनाच कामाला कसा लावतो?

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अत्यंत घातक कॅन्सर. ऑपरेशन करून गाठ काढली, तरी तो बहुतेकदा परत येतो. असं का? कारण त्याच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी भागात आधीच पसरलेल्या असतात आणि तिथल्या पेशींकडून मदत मिळवतात.

2019 मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की न्यूरॉन्स या कॅन्सरपेशींशी थेट जोडले जातात. त्यांच्या संदेशांमुळे ट्यूमर आणखी वाढतो.

मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशीही ट्यूमरच्या रसायनांमुळे त्याच्याच बाजूने काम करू लागतात. कॅन्सरपेशी मारू शकणाऱ्या टी-पेशी तिथे कमी पोहोचतात. पोहोचल्या तरी निष्क्रिय होतात.

म्हणूनच आता गाठीसोबत तिची ही रसद तोडणाऱ्या उपचारांवरही संशोधन सुरू आहे.