मुक्त क्रोशे: आधी टाका, मग मोकळीक

नारायण पेठेतली हुजूरपागा ही मुलींची शाळा 1884 साली सुरू झाल्यावर मुलींना इंग्रजी-गणित शिकवावे की शिवणकाम, यावर पुण्यात वाद झाला. क्रोशे ही विभागणीच खोटी ठरवते, कारण त्यात टाके मोजावे लागतात. साखळी आणि खांब हे टाके हातात बसले की मुक्त क्रोशे, म्हणजे ठरावीक नमुन्याविना विणणे, शिकवता येते. नमुना नसेल तर नवशिका गोंधळेल, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर एक नियम पुरतो. टाके भराभर वाढवले की कडेला झालर पडते, कमी केले की वाटी होते. डायना तायमिना या गणितज्ञ स्त्रीने 1997 साली टाके वाढवण्याच्या याच तत्त्वाने अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीतला पृष्ठभाग विणून दाखवला. म्हणून शिक्षिकेने नमुना उतरवायला लावण्याऐवजी टाके मोजून त्यांचा परिणाम ओळखायला शिकवावे. मोकळीक त्या समजेतूनच येते.